मायलोमा : सात वर्षं झाली, आता "बरे झाले" म्हणायचं का?

वडगावची_लेक

नमस्कार. दोन वर्षं इथे नुसतं वाचत होते, आज पहिल्यांदाच लिहितेय.

अप्पा वडगावात यंत्रमागावर साड्या विणायचे. २०१८च्या पावसाळ्यात त्यांची पाठ धरली. मागावर उभं राहून पाठ धरायचीच, म्हणून आम्ही तीन महिने शेक आणि मलमात घालवले. मग एके सकाळी बादली उचलताना मणक्यात कट्कन आवाज झाला आणि ते खालीच बसले. मणका दबलेला, हिमोग्लोबिन सात, रक्तात एम प्रोटीन. निदान झालं मल्टिपल मायलोमा, म्हणजे बोन मॅरोतल्या (हाडांच्या मगजातल्या) पेशींचा, रक्ताचा कर्करोग. एम प्रोटीन या कर्करोगाच्याच पेशी बनवतात. तेव्हा त्यांचं वय ५८.

बोर्टेझोमिबची इंजेक्शनं, लेनालिडोमाइड आणि डेक्सामेथासोन अशी चार सायकल झाली. फेब्रुवारी २०१९ मध्ये बेंगळूरला स्वतःच्याच मूलपेशींचं ट्रान्सप्लांट झालं. तेव्हापासून लेनालिडोमाइडची १० ची कॅप्सूल चालू आहे, २१ दिवस घ्यायची, ७ दिवस बंद. वहिनी रोज रात्री जेवण झालं की आठवणीने काढून देते, आता पाचवा महिना लागलाय तरी चुकवत नाही. एम प्रोटीन शून्यावर आहे. एमआरडी तपासणी, म्हणजे मॅरोत उरलेल्या मोजक्या मायलोमा पेशींचा शोध, दोनदा झाली, दोन्ही वेळा निगेटिव्ह, शेवटची २०२४ मध्ये. अप्पा सकाळी कपिलेश्वराला चालत जाऊन येतात.

आता प्रश्न. डॉक्टर दर वेळी "रिमिशन" म्हणतात, म्हणजे आजार सध्या दिसत नाही. "बरे झाले" असं आजवर एकदाही म्हणालेले नाहीत. पाहुणे विचारतात, "बरं झालं न्हवं आता?" आणि अप्पा माझ्याकडे बघतात. मागच्या महिन्यात त्यांनी सरळच विचारलं, "मी बरा झालो काय गं? काय म्हणूलालेत डॉक्टर? एकदा काय ते सांगून टाका म्हणावं."

हे एवढ्यावरच थांबत नाही. आजारपणात सौंदत्तीच्या यल्लम्माला नवस बोललाय. अप्पांचं म्हणणं, पूर्ण बरा झालो की फेडायचा, अर्धवट बरा असताना देवीपुढे जाऊन खोटं बोलायचं नाही. सात वर्षं नवस तसाच राहिलाय आणि आईला रात्री झोप लागत नाही. ज्या आजारात "बरा" हा शब्दच कुणी उच्चारत नाही, त्यात नवस फेडायचा केव्हा?

---

घटप्रभा

सात वर्षं! वाचूनच बरं वाटलं. अप्पांना नमस्कार सांगा.

---

नंदगडचा_नाना

लेकी, मी स्वतः मायलोमावाला. २०१४ ला निदान झालं, तेव्हा ५७ चा होतो. मूत्रपिंडं खराब होती म्हणून ट्रान्सप्लांट नको म्हणाले, नुसत्या औषधांवर पाच वर्षं चांगली गेली. २०१९ ला एम प्रोटीन पुन्हा डोकावलं. आधी ०.२, मग ०.६, मग दीड. मला काहीच होत नव्हतं, शेतात कामाला होतो, पण कागद बोलत होता. मग पोमालिडोमाइड सुरू केलं, सोबत डेक्साच्या दहा गोळ्या आठवड्यातून एकदा. डेक्साच्या रात्री डोळ्याला डोळा लागत नाही. त्या रात्री मी गोठा झाडून काढायचो. म्हशींना सवय झाली होती.

आता दुसऱ्यांदा रिमिशनमध्ये आहे, चौथं वर्ष. पहिल्या खेपेला मी गावभर "बरा झालो" म्हणून पेढे वाटले होते. उलटल्यावर आजारापेक्षा त्या पेढ्यांचंच जास्त वाईट वाटलं, जणू मी लोकांना फसवलं. म्हणून आता कुणी विचारलं की म्हणतो, "सध्या नाही." हे दोन शब्द मला पुरतात. तुझ्या अप्पांना पुरतील का, ते मात्र तेच सांगू शकतील.

---

संकेश्वरी_मिरची

विषय बाजूला ठेवून आधी एक विचारते. वहिनी पाचव्या महिन्यात आहे आणि लेनालिडोमाइड तीच काढून देते? कॅप्सूल फुटलेली असेल तर पावडर अंगाला लागते. हे औषध थॅलिडोमाइडच्या कुळातलं आहे, पोटातल्या बाळाला फार घातक. माझ्या सासऱ्यांच्या वेळी फार्मसीतल्या मुलीने आम्हाला बसवून समजावलं होतं. आजपासून दुसऱ्या कुणाला तरी सांगा.

---

वडगावची_लेक

बाप रे. आम्हाला हे कुणीच सांगितलं नव्हतं. कॅप्सूल पाकिटातून काढून ताटलीत ठेवते एवढंच, फुटलेली कधी नव्हती. आत्ताच डबा माझ्या खोलीत आणून ठेवला. फार फार आभार, ताई.

---

मार्कंडेय_काठ

मी रक्तविकारतज्ज्ञ, मूळचा बेळगावचा, आता पुण्यात. संकेश्वरीताईंनी जे लिहिलं ते अगदी योग्य. अखंड कॅप्सूल हाताळून काही झालं असण्याची शक्यता फार कमी, पण वहिनींच्या डॉक्टरांच्या कानावर घाला. यापुढे अप्पांनीच स्वतःच्या हाताने काढावी, कॅप्सूल उघडू किंवा चावू नये.

अप्पांचे रिपोर्ट माझ्यासमोर नाहीत, म्हणून मी फक्त आजाराबद्दल लिहितो.

आम्ही डॉक्टर "बरे झालात" का म्हणत नाही? लहान मुलांचा रक्ताचा कर्करोग किंवा हॉजकिन लिंफोमा घ्या. तिथे काही वर्षं उलटली की आजार परतण्याचं प्रमाण जवळजवळ थांबतं. आजाराविना राहिलेल्या रुग्णांच्या आलेखाची रेघ उतरत येते आणि पुढे सपाट होते. त्या सपाटीवरच्या माणसाला आम्ही बिनधास्त बरा म्हणतो. मायलोमाची रेघ पूर्वी सपाट होतच नसे. पाचव्या वर्षी उतरायची, नवव्या वर्षीही उतरायची. २००० सालाआधी निदानानंतर सरासरी आयुष्य तीन वर्षांच्या आसपास असे. १९९९ मध्ये थॅलिडोमाइडचा उपयोग दिसला, २००३ मध्ये अमेरिकेत बोर्टेझोमिबला मान्यता मिळाली, २००६ मध्ये मायलोमासाठी लेनालिडोमाइडला, २०१५ मध्ये डाराटुमुमॅबला. दर पायरीला रेघ वर सरकत गेली, पण उतार राहिलाच.

आता एमआरडी. निगेटिव्ह म्हणजे बोन मॅरोच्या नमुन्यातल्या एक लाख पेशींत, किंवा चांगल्या यंत्रावर दहा लाख पेशींत, एकही मायलोमाची पेशी सापडली नाही. मॅरोत पेशी किती? अब्जावधी. शिवाय सुई कमरेच्या एकाच जागी जाते आणि मायलोमा हाडांत ठिकठिकाणी बसलेला असू शकतो. म्हणून "सापडली नाही" आणि "नाही" यांत फरक करावा लागतो. तरीही ही तपासणी फार मोलाची आहे, विशेषतः वर्षानुवर्षं निगेटिव्ह येत राहिली तर. २०२४ च्या एप्रिलमध्ये अमेरिकेच्या औषध नियामकांच्या तज्ज्ञ समितीने १२ विरुद्ध ० मतांनी सांगितलं की नव्या औषधांची परीक्षा घेताना एमआरडी हा निकष धरायला हरकत नाही.

आणि आशेचं कारण काय, तर रेघ सपाट होताना दिसू लागली आहे, निदान काही रुग्णांत. कार-टी म्हणजे रुग्णाच्याच रोगप्रतिकारक पेशी प्रयोगशाळेत बदलून त्याला परत देणं. सिल्टा-सेल या कार-टी उपचाराच्या पहिल्या चाचणीत ९७ रुग्ण होते. त्यांच्यावर आधी सरासरी सहा प्रकारचे उपचार होऊन गेले होते, पुढे फारसं काही उरलं नव्हतं. २०२५ मध्ये आकडे आले. त्यांपैकी ३२ जण, म्हणजे तिसरा हिस्सा, एकाच सलाइननंतर पाच वर्षं किंवा अधिक आजाराविना होते, मधे कुठलंही औषध न घेता. मायलोमात हे आम्ही कधी पाहिलं नव्हतं. "क्युअर" हा शब्द परिषदांमध्ये आता खालच्या आवाजात का होईना, पण उच्चारला जातो.

---

येळ्ळूरकर

डॉक्टर, शेतकऱ्याच्या भाषेत सांगायचं तर ही हराळी झाली. सगळं रान नांगरून, वेचून, जाळून काढलं तरी एक पेर मातीत राहिलं की पुढच्या मिरगाला पुन्हा हिरवी.

---

नंदगडचा_नाना

येळ्ळूरकर, उपमा बरोबर आहे. पण हराळी असलेल्या रानातही आपण भात काढतोच की. मी बारा वर्षं काढतोय.

---

खडेबाजार

कार-टी तर आता मुंबईतच मिळते ना? आयआयटीने बनवलेली. पेपरात वाचलं होतं, परदेशापेक्षा खूप स्वस्त. मग मायलोमावाल्यांनी वाट कशाला बघायची?

---

मार्कंडेय_काठ

हा गैरसमज मला आठवड्यातून एकदा तरी ऐकायला मिळतो, म्हणून नीट लिहितो. आयआयटी मुंबई आणि टाटा मेमोरियल यांच्या कामातून आलेल्या नेक्सकार-१९ला ऑक्टोबर २०२३ मध्ये मान्यता मिळाली. ती अभिमानाचीच गोष्ट आहे. पण ती सीडी-१९ हे चिन्ह असलेल्या पेशी शोधून मारते, म्हणजे बी पेशींचे लिंफोमा आणि ल्युकेमिया. मायलोमाच्या पेशींवर मुख्य खूण असते बीसीएमए, आणि सिल्टा-सेल तिच्यावर चालते. कुलूप वेगळं, किल्ली वेगळी. आणि हा उपचार सोपाही नाही. ताप, रक्तदाब कोसळणं, मेंदूवर परिणाम, नंतर महिनोन्‌महिने जंतुसंसर्गाची भीती. ज्यांचा आजार साध्या कॅप्सूलवर सात वर्षं शांत आहे, त्यांना आज त्याची गरज नाही.

---

निपाणीकर_६१

वाचावं की नको असं करत करत वाचलं. लिहावं की नको असंही झालं.

माझ्या बायकोला २०२० मध्ये मायलोमा निघाला. निदानाआधी आठ महिने एका दवाखान्यात पाठीसाठी दुखण्याच्या गोळ्या चालू होत्या. रोज दोन. मायलोमाने मूत्रपिंडावर आधीच ओझं टाकलेलं असतं, त्यात या गोळ्यांनी आणखी भर पडली. क्रिएटिनिन सहावर गेलं तेव्हा कुणीतरी रक्त नीट तपासलं. फिशच्या तपासणीत, म्हणजे पेशींच्या गुणसूत्रांतले दोष शोधतात त्यात, १७पी नावाचा दोष निघाला, म्हणजे जोखमीचा प्रकार. तिचीही एमआरडी निगेटिव्ह आली होती. आम्हीही त्या दिवशी कुंदा आणला होता. चौदा महिन्यांनी उलटला आणि २०२३ मध्ये ती गेली.

मला वडगावच्या ताईंच्या आनंदात विरजण घालायचं नाही. पण "सात वर्षं झाली म्हणजे बरे", "एमआरडी निगेटिव्ह म्हणजे बरे" असं कुणी ठामपणे लिहिलं की माझ्यासारख्याला वाटतं, मग आमचं काय चुकलं? आमचं काहीच चुकलं नव्हतं. आजार सगळ्यांचा सारखा नसतो. शब्द वापरताना एवढं लक्षात ठेवा.

आणि घरात कुणाची पाठ तीन आठवड्यांहून जास्त दुखत असेल, सोबत थकवा असेल, हिमोग्लोबिन उतरलेलं असेल, तर कॅल्शियम, क्रिएटिनिन आणि प्रोटीन इलेक्ट्रोफोरेसिस (एम प्रोटीन शोधणारी तपासणी) करून घ्या. पाया पडून सांगतो.

---

वडगावची_लेक

दादा, तुम्ही लिहिलंत ते फार बरं केलंत. तुमचं काहीच चुकलं नव्हतं. मी अप्पांना तुमची पोस्ट वाचून दाखवली. ते बराच वेळ गप्प बसले, मग म्हणाले, "त्यांना म्हणावं, कधी वडगावात आलात तर घरी या."

---

जांबोटी_घाट

सात वर्षं रक्तात काही नाही तर ती कॅप्सूल कशाला चालू ठेवायची? आमच्याकडे जंगलातला एक काढा देतात, त्याने गाठी विरघळलेल्या मी पाहिल्यात. कॅप्सूल बंद करून तो सुरू करा. शरीर स्वतःच बरं करतं.

---

संकेश्वरी_मिरची

जांबोटीकर, हात जोडते, असं लिहू नका. कुणीतरी खरंच ऐकेल.

---

मार्कंडेय_काठ

स्वतःच्या मनाने बंद करू नका, एवढंच ठासून सांगतो. रक्तात काही नाही याचं श्रेय कदाचित त्या कॅप्सूललाच आहे. आणि काढ्यांबद्दल : ग्रीन टीतला एक घटक प्रयोगशाळेत बोर्टेझोमिबचं काम बंद पाडतो असं दिसलं आहे. ग्रीन टीसारख्या साध्या गोष्टीची ही कथा, तर ज्यात काय आहे हेच माहीत नाही त्या काढ्याचं काय सांगावं? जे काही घेता ते डॉक्टरांना दाखवून घ्या.

पण जांबोटीकरांच्या पोस्टमधला प्रश्न मात्र खरा आहे : कायम घ्यायची का? लेनालिडोमाइडने रक्तातल्या पेशी उतरतात, जुलाब लागतात, पायात गुठळीचा धोका असतो म्हणून अ‍ॅस्पिरिन देतात, आणि दुसरा कर्करोग होण्याची जोखीम थोडी वाढते. म्हणून अनेक वर्षं एमआरडी निगेटिव्ह असलेल्यांचं औषध थांबवून बारकाईने लक्ष ठेवायचं, अशा चाचण्या परदेशात चालू आहेत. ताई, हा प्रश्न पुढच्या भेटीत तुमच्या डॉक्टरांनाच विचारा. निदानाच्या वेळचा फिशचा रिपोर्ट सोबत न्या.

---

घटप्रभा

जरा वेगळं. बेंगळूरला जाताना रेल्वेची सवलत घेताय ना? उपचार किंवा तपासणीसाठी जाणाऱ्या कॅन्सरच्या रुग्णाला स्लीपर आणि थ्री एसीत पूर्ण भाडं माफ, सोबत्याला ७५ टक्के. रुग्णालयाकडून ठरलेल्या नमुन्यात दाखला घ्यायचा आणि आरक्षणाच्या खिडकीवर दाखवायचा. आम्ही तीन वर्षं राणी चन्नम्माने पूर्ण पैसे भरून गेलो. मग शेजारच्या बर्थवरच्या कन्नड आजीने सांगितलं. तिने तिच्या दाखल्याचा फोटोही काढू दिला.

---

येळ्ळूरकर

सवलतींचा विषय निघालाच आहे तर. महाराष्ट्राने २०२३ मध्ये सीमाभागातल्या ८६५ गावांना महात्मा फुले जन आरोग्य योजना लागू केली. माझ्या चुलत्यासाठी मी ते कागद घेऊन फिरलो. एका कार्यालयात म्हणाले, तुम्ही कर्नाटकातले, तिकडे जा. दुसरीकडे म्हणाले, तुम्ही त्या योजनेतले ना, मग इकडे कशाला? चुलता सलाइनवर आणि मी दोन टेबलांच्या मधे. शेवटी आयुष्मान भारत आरोग्य कर्नाटक योजनेतून काम झालं, तेही रुग्णालयातल्या एका कन्नड बाईंनी अर्ज भरून दिला म्हणून. मला कन्नड लिहिता येत नाही, त्यांना मराठी. आम्ही तोडक्यामोडक्या हिंदीत अर्ज पुरा केला.

---

खडेबाजार

यावर वेगळा धागा काढा, मला बरंच बोलायचं आहे.

---

संकेश्वरी_मिरची

वेगळ्या धाग्याला माझं अनुमोदन. ट्रान्सप्लांटनंतरच्या जेवणाचाही एक हवा. सासऱ्यांना तीन महिने कच्चं काही नाही, चटणी नाही, दही नाही. नव्वद दिवस झाल्यावर डॉक्टरांनी विचारलं, काय खावंसं वाटतं? म्हणाले, "जोंधळ्याची भाकरी आणि झणझणीत रस्सा." डॉक्टर हसून म्हणाले, भाकरी आजच, रस्सा पुढच्या महिन्यात. त्यांनी कॅलेंडरवर तारखेला गोल करून ठेवला आणि त्या दिवशी सकाळी सातला ताटावर बसले.

---

चिकोडीची_माई

सगळं वाचलं. मुली, नवस नेमका काय बोलला होतात? शब्द आठवून बघ. नवस शब्दाला बांधलेला असतो.

---

नंदगडचा_नाना

माईंनी बरोबर जागी बोट ठेवलं.

---

मार्कंडेय_काठ

ताईंच्या मूळ प्रश्नावर एक राहून गेलं. मघाशी मी सरासरी आणि आलेखावरच बोलत राहिलो, निपाणीकरांच्या पोस्टनंतर पुन्हा विचार केला. काही रुग्णांत थोडं एम प्रोटीन कायम राहतं, एमआरडीही निगेटिव्ह नसते, आणि तरी ते वर्षानुवर्षं ठणठणीत राहतात. आजार असतो, पण झोपलेला. उलट काहींची तपासणी अगदी स्वच्छ येऊनही आजार लवकर परततो, विशेषतः १७पीसारखा दोष असेल तर. म्हणून एकच तपासणी "बरा" किंवा "नाही" ठरवू शकत नाही.

मी माझ्या रुग्णांना पाच वर्षांनंतर एवढं सांगतो : आज तुमच्यात आजार नाही. तो परत येईल असं मी म्हणत नाही, येणार नाही असंही म्हणू शकत नाही. दर तीन महिन्यांनी रक्त तपासू, मधले दिवस तुमचे. आता निदान होणाऱ्यांना तर आम्ही सुरुवातीलाच चार औषधं एकत्र देऊ लागलो आहोत. डाराटुमुमॅब जोडलेल्या अशा उपचाराच्या मोठ्या चाचणीत चार वर्षांनी ८४ टक्के रुग्णांचा आजार वाढला नव्हता, जुन्या तीन औषधांत ६८ टक्के. यांच्यातले किती जण त्या सपाट रेघेवर पोहोचतील ते दहा वर्षांनी कळेल. मला ते बघायचं आहे.

---

निपाणीकर_६१

डॉक्टर, धन्यवाद. हे वाचून थोडं हलकं वाटलं.

---

वडगावची_लेक

उशिरा लिहितेय. माईंची पोस्ट वाचून काल रात्री सगळ्यांना एकत्र बसवलं आणि विचारलं, नवस काय बोलला होतात?

अप्पा म्हणाले, "मला बरा कर, परडी भरीन, असं असणार."

आई म्हणाली, "असणार काय? बोलले मी. तुम्ही शुद्धीत कुठं होता?"

आम्हाला कुणालाच हे माहीत नव्हतं. ट्रान्सप्लांटच्या नवव्या दिवशी अप्पांना ताप चढला होता, पांढऱ्या पेशी शून्य होत्या, तोंडात फोड आलेले, पाणी गिळवत नव्हतं. आई काचेच्या बाहेर उभी होती. तिथे ती म्हणाली होती, "आई यल्लव्वा, ह्यांना माझ्या दारात चालत आण. परडी भरीन." बरा कर, असं ती म्हणालीच नव्हती. त्या वेळी तेवढं मागायचं तिला सुचलंही नव्हतं म्हणे.

आणि अप्पा मार्च २०१९ मध्ये रिक्षातून गल्लीच्या तोंडाशी उतरून घरापर्यंत चालत आले होते. मी स्वतः पिशवी धरून मागे होते. म्हणजे नवस सात वर्षांपूर्वीच पुरा झालाय. आई इतकी वर्षं बोलली नाही, कारण अप्पा "पूर्ण बरा झाल्यावर" म्हणत होते आणि तिला त्यांचं मन मोडवेना.

अप्पा आधी रागावले, मग उठून परडी माळ्यावरून खाली काढली.

आता डॉक्टरांना विचारते, सौंदत्तीला गर्दीत नेलं तर चालेल का?

---

मार्कंडेय_काठ

जरूर न्या. पौर्णिमेची जत्रा टाळा, मंगळवार-शुक्रवार टाळा. मास्क लावा, भंडारा उधळतात तिथून लांब ठेवा. जोगुळभावीच्या पाण्यात आंघोळ नको. घरून उकळलेलं पाणी न्या, तेच डोक्यावर शिंपडा. फ्लूची लस झाली नसेल तर दोन आठवडे आधी घ्या. मणका दबलेला आहे, म्हणून त्यांना पुढच्या सीटवर बसवा.

---

चिकोडीची_माई

बुधवारी जा. नैवेद्याच्या भाकऱ्या पहाटेच भाजून घ्या, म्हणजे दुपारच्या आत परत निघाल.

---

नंदगडचा_नाना

गाडीत एक जागा आहे का? माझाही एक राहिलाय.

---

वडगावची_लेक

आहे, नाना. बुधवारी पहाटे पाच वाजता, गोगटे सर्कलला उभे राहा. अप्पा म्हणाले, निपाणीकर दादांनाही विचार.

---

निपाणीकर_६१

साडेचारलाच येऊन थांबतो.